पालकाचा नेम

रविवार, २७ जुलै २०२५. रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाहेर जबलपूरचा पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता आणि मी पलंगावर मांडी घालून, चष्मा कपाळावर सरकवून, फोनवर पालक मागवत होतो.

घरात आजारी कोणी नव्हतं. सकाळी पाहुणे येणार नव्हते. पालक संपला होता असंही नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन जुड्या पडून होत्या, त्यातल्या एकीला हिरवी म्हणायचं की काळी, यावर घरात दोन मतं होती. पण बाराच्या आत या आठवड्याची पालेभाजी ॲपवर नोंदवली गेली नाही, तर सलग सोळा आठवड्यांचा आमचा नेम मोडणार होता. नेम मोडला की पडद्यावरचं झाड मान टाकणार होतं. आणि झाडाने मान टाकली की ती बातमी नागपूरच्या वहिनीला आपोआप पोचणार होती. पहिल्या दोन गोष्टी मी सोसल्या असत्या.

मी इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत चौतीस वर्षं हिशेबखात्यात काढली. १९०४ सालचा कारखाना. माझ्या निवृत्तीच्या तीन वर्षं आधी, २०१९ साली, तिथून धनुष तोफा लष्कराच्या ताब्यात गेल्या. ३८ किलोमीटरवर मारा करणारी तोफ. तिच्या कुठल्याशा कागदाच्या कोपऱ्यात माझीही सही आहे, हे मी दर लग्नात एकदा तरी सांगतो. त्या माणसाचा नेम आता अडीचशे ग्रॅम पालकावर लागला होता, आणि तोही चुकत होता, कारण ॲप सांगत होतं की हा माल आत्ता उपलब्ध नाही. मेथी चालेल का?

चालेल. पळेल. बारा वाजायच्या आत काहीही.

याची सुरुवात गुढीपाडव्याला झाली. चिरंजीव पुण्याहून आले, येताना बाकरवडीचे दोन पुडे घेऊन आले, आणि त्यातला एक फोडून खाता खाता त्यांनी माझा रक्ताचा रिपोर्ट वाचला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ७.८ होता. "बाबा, हे काय?" असं म्हणून त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी त्याच्या नववीच्या गणिताच्या पेपराकडे पाहिलं होतं तसं. तो बोलला मात्र काही नाही. आमचे वडील उपदेश करायचे, मी टोमणे मारायचो, त्याची पिढी ॲप टाकते. माझा फोन घेतला, दोन मिनिटं बोटं चालवली आणि म्हणाला, "आता किराणा आणि भाजी यावरूनच मागवायची. गंमत आहे हो बाबा, खेळासारखं आहे सगळं."

मराठी घरात ज्या गोष्टीची ओळख 'गंमत आहे' अशी करून दिली जाते तिच्यात गंमत सापडल्याचं मला आठवत नाही. मोहिमेवर नेतात तेव्हाही हेच सांगतात. तरी मी पाहिलं. प्रत्येक जिनसाशेजारी एक टिकली: हिरवी, पिवळी किंवा लाल. पिशवी भरत जावी तसे शंभरापैकी गुण मिळतात. हिरवं घेतलं की गुण चढतात, लाल घेतलं की उतरतात. मैदा उचलला की ॲप हळूच विचारतं, त्याऐवजी नाचणीचं पीठ बघता का? सहा आठवडे सलग पालेभाजी घेतली की एक बिल्ला. कोपऱ्यात एक झाड असतं, ते तुमच्या किराण्यावर वाढतं. आधी अंकुर, मग रोप, मग झाड, आणि शेवटी वटवृक्ष. फरसाण घेतलं की त्याची पानं झुकतात. मी एकदा शेवेचा पुडा पिशवीत टाकून झाडाकडे पाहिलं आणि पुडा परत ठेवून दिला. इतकं अपराधी मला चौतीस वर्षांच्या नोकरीत ऑडिटरसमोरही वाटलं नव्हतं.

ॲपच्या टिकल्यांवरून घरात पहिली चकमक झाली ती तुपावरून. आमच्या आईचं वय शहाऐंशी. तिला बायकोने सांगितलं की तुपाला लाल टिकली आहे. आईला वाटलं, कुंकवासारखी मानाने लावलेली असेल. अर्थ कळल्यावर ती तासभर बोलली नाही, आणि मग एवढंच म्हणाली, "त्या मेल्याला विचार, तुझी आई बाळंतीण झाली तेव्हा तिला काय खोबरेल पाजलं होतं?" साबुदाण्याला पिवळी टिकली मिळाली तेव्हा मात्र ती गप्प राहिली. तिलाही मनातून तो पिवळाच वाटत असावा. शिंगाड्याच्या पिठाला हिरवी मिळाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. जबलपूरकराला शिंगाडा हिरवा ठरवला की ॲप जाणकार वाटू लागतं.

दुसरी अडचण भाषेची. आम्ही इथले मराठी लोक घरात मराठी बोलतो, पण भाजीपुरते हिंदी असतो. आम्ही 'लौकीची भाजी' खातो. सून पुण्याची, तिला हे ऐकून हसू फुटतं. "बाबा, दुधी म्हणा ना!" अहो, दुधी म्हटलं तर ठेलेवाला दूधवाल्याला हाक मारेल. वांग्याची गोष्ट तर आणखी अवघड. आम्ही वांगं म्हणतो, ॲपवर ते बैंगन असतं, आणि आमचा ठेलेवाला त्याला भटा म्हणतो, कारण महाकोशलात आणि बुंदेलखंडात ते भटाच. चुलीत भाजलेल्या गक्कड नावाच्या बाटीसोबत त्याचं भरीत खायला आम्ही नर्मदेच्या घाटावर जातो. ॲपमध्ये मी 'भटा' लिहून शोधलं, तर त्याने मला बटाटा दाखवला. त्याला पिवळी टिकली होती.

हे सगळं मी आठवडाभरात विसरून गेलो असतो. पण चिरंजीवांनी जाता जाता एक काम केलं. त्यांनी 'कुटुंब स्पर्धा' चालू केली. त्यात आम्ही, पुण्याचे ते दोघं, इंदूरची माझी बहीण, आणि नागपूरचा माझा भाऊ. म्हणजे भाऊ फक्त नावाला, खेळणारी वहिनी.

इथे इतिहासात एक पाऊल टाकावं लागतं. जबलपूरवर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. नव्या मध्य प्रदेशात राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या वाट्याला हायकोर्ट आलं. तेव्हापासून नागपूरकर आमच्याकडे घर सोडून गेलेल्या चुलत भावासारखे पाहतात. नागपूरचं संत्रं, नागपूरची मेट्रो, नागपूरची सांबारवडी. आम्ही भेडाघाटचे संगमरवरी खडक दाखवतो, तर ते म्हणतात, "हो, नाव छान आहे, पण फिरायला फार वेळ जातो." तेव्हा वहिनीशी स्पर्धा करायला मला ॲपची गरज नव्हती. ॲपने फक्त आकडे दिले.

पहिल्याच आठवड्यात वहिनी ९१, आम्ही ६४. कारण आमच्या पिशवीत वनस्पती तूप होतं, पोहे होते आणि पोह्यावर घालायची शेव होती. बायकोने तो आकडा पाहिला. ही बाई तोवर ॲपकडे बघतही नव्हती. ती म्हणाली, "अहो, आणा तो फोन इकडे." त्या दिवसापासून आमच्या घरात निरोगी आहाराची जी लाट आली, तिला आहार म्हणणं बरोबर होणार नाही. निरोगी खरेदीची लाट म्हणावं.

हा फरक मला उशिरा कळला. ॲपला फक्त पिशवी दिसते, ताट दिसत नाही. बायकोला हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं. ज्याला हिरवी टिकली, ते ॲपवरून. पालक, मेथी, दोडका, राजगिरा, ओट्स, मोड आलेले मूग, आणि ज्याचा वास घेऊन आम्ही परत झाकण लावलं ते अळशीचं पीठ. ज्याला लाल टिकली, ते गोलबाजारातून, रोख पैसे देऊन, पिशवी पदराखाली घेऊन. साखर गोलबाजार. मैदा गोलबाजार. शेव, पापडी, वनस्पती, सगळं गोलबाजार. तीन आठवड्यांत आम्ही ९६ वर गेलो. ॲपने आम्हाला लिहिलं, "तुमचं कुटुंब आदर्श आहे." बायकोने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. वहिनीने खाली अंगठा दिला. नागपूरकरांचा अंगठा किती थंड असतो, ते तेव्हा कळलं.

पण येणाऱ्या पालकाचं करायचं काय? पहिले दोन आठवडे आम्ही तो खाल्ला. पालकाची ताकातली भाजी, पालक-डाळ, पालकाचे पराठे, पालकाचं सूप नावाचं हिरवं पाणी. मग शेजाऱ्यांना वाटला. मग शेजारी आमच्याकडे पाहून दार लोटू लागले. शेवटी गल्लीतली पांढरी गाय पुढे आली. ती रोज सकाळी साडेसातला आमच्या फाटकाशी उभी राहते आणि बायको तिला जुडी देते. ॲपच्या नोंदीत जबलपूरमधलं सर्वांत निरोगी कुटुंब म्हणून आमचं नाव लागलं असेल, तर त्याचं श्रेय त्या गायीला जातं. तिच्या अंगावर जी तकाकी आली आहे, ती माझ्या अंगावर यायची होती.

या प्रकाराला इंग्रजीत गेमिफिकेशन म्हणतात. निक पेलिंग नावाच्या ब्रिटिश माणसाने २००२ साली हा शब्द घडवला. कंटाळवाण्या कामाला खेळाचा मुलामा द्यायचा, म्हणजे माणूस ते आपण होऊन करतो. दक्षिण आफ्रिकेत डिस्कव्हरी या विमा कंपनीने २००९ मध्ये आपल्या व्हायटॅलिटी योजनेत मोठ्या दुकानसाखळीबरोबर आरोग्यदायी खाण्यावर २५ टक्क्यांपर्यंत पैसे परत द्यायला सुरुवात केली, आणि लोक भाज्या-फळं जास्त घेऊ लागले, हे संशोधकांनी बिलं तपासून दाखवलं. बिलं तपासून, बरं का. तिथल्या गायी कोणी तपासल्या नाहीत. सिंगापूरचं सरकार तर पावलं मोजून आणि पौष्टिक खाणं विकत घेतल्यावर गुण देतं, आणि ते गुण साठवून व्हाउचर मिळतात. सिंगापूरचे लोक शिस्तीचे, ते खात असतील. आमच्याकडे गुण मिळतात म्हटल्यावर पहिला प्रश्न असतो की ते न खाता मिळतील का.

मात्र हे सगळं परदेशातून आलं, असं कोणी म्हणू नये. सापशिडी घ्या. तिचं जुनं मराठी रूप म्हणजे मोक्षपट, आणि परंपरा तिचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, वरच्या घरात मोक्ष. इंग्रजांनी तो खेळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे नेला, हळूहळू त्यातलं पुण्य गळून पडलं, आणि साप तेवढे उरले. आता तोच खेळ परत आलाय, फक्त मोक्षाच्या जागी वटवृक्ष आणि सापाच्या जागी शेवेचा पुडा.

आणि आमची आई? तिने आयुष्यभर दुसरं काय केलं? सोळा सोमवार म्हणजे सोळा आठवड्यांचा सलग नेम. एक सोमवार चुकला की पुन्हा पहिल्यापासून. उद्यापन म्हणजे बिल्ला, तोही असा की त्या निमित्ताने गावाला जेवायला घालायचं. चातुर्मासात लोक काय काय सोडतात! एखादी बाई मीठ सोडते, एखादी चहा, आमच्या एका आत्याने एका वर्षी बोलणं सोडलं होतं आणि ते चार महिने घरातले सगळे आठवण काढतात. या सगळ्याची नोंद कुणाच्या फोनवर नव्हती. ती शेजारणीच्या डोळ्यांत होती, आणि तिथून ती कधीही पुसली जात नसे.

आणि पळवाटा? त्याही त्याच परंपरेतल्या. चातुर्मास सुरू व्हायच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. चार महिने कांदा वर्ज्य, म्हणून त्या दिवशी भजी, थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी, असं चार महिन्यांचं आगाऊ खाऊन घ्यायचं. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण काय ॲपवाल्यांनी शोधली? शेंगदाण्याचं कूट, तळलेला बटाटा, तुपातली साबुदाणा खिचडी आणि वर केळ्याचं शिकरण, एवढ्या भांडवलावर उपवास करणारा समाज खेळाचे नियम न मोडता खेळ जिंकायला उभा आहे. बायकोने गोलबाजाराची जी युक्ती काढली, ती तिच्या रक्तातच होती.

खरी गंमत झाली ती या दोन खेळांची टक्कर झाली तेव्हा. चातुर्मासाचे जुने नियम आईला पाठ आहेत. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळी नाहीत. तिचा हा नेम पासष्ट वर्षं चालू आहे, लग्न होऊन आल्यापासून. आमच्या ॲपचा नेम सोळा आठवड्यांचा. श्रावण लागल्या दिवशी आईने फर्मान काढलं की आता घरात पालेभाजी यायची नाही. ॲप म्हणत होतं की आली पाहिजे, नाहीतर झाड वाळेल.

बरं, श्रावण तरी कुठला? इथे जबलपुरात आमचं आयुष्य दोन श्रावणांत जातं. उत्तरेचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला, म्हणून इथल्या लोकांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. त्या वर्षी त्यांचा सावन ११ जुलैला लागला, आमचा श्रावण २५ जुलैला. शेजारच्या मिश्राजींनी १४ जुलैला सावन सोमवार केला, त्या दिवशी आम्ही आरामात कांदाभजी खात होतो, कारण आमच्या घरात कांदेनवमीनंतर फक्त आईच कांदा सोडते. आम्ही पहिला श्रावणी सोमवार २८ जुलैला करणार, तोवर मिश्राजींचे दोन सोमवार झालेले. मला वाटलं, या फटीतून निघता येईल. आईला म्हटलं, "आई, ॲप हिंदीत आहे, त्याचा महिना हिंदीच धरू. त्यांचा सावन रक्षाबंधनाला संपतो, मग आपण..." आई म्हणाली, "तुझा जन्म मराठी श्रावणातला आहे. आता काय तोही हिंदीत मोजायचा?"

म्हणून ती रविवारची रात्र. दिवसभर आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेली. ॲपवर आठवडा रविवारी रात्री बाराला संपतो. ती साडेदहाला झोपली, आणि मी अकरा चाळीसला मेथी मागवली. ४९ रुपये. पैसे कापले गेले, झाड हललं, सतरावा आठवडा! बायकोने अंधारातच विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं." तोफ डागल्यावर रेंजवर जी शांतता पसरते म्हणतात, ती पसरली.

मग आठवलं की मेथी येणार आहे. घंटी वाजली तर आई उठेल. मी छत्री घेऊन फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. सात-आठ मिनिटांत मोटारसायकलचा दिवा आला. मुलगा बावीस-तेवीसचा, पिवळी बरसाती, हेल्मेटवरून पाणी गळतंय. मी म्हणालो, "इतनी रात में, बारिश में, मेथी के लिए आ गए?" तो हसला, "हओ अंकल। आज बीस पूरे करने हैं, अठारह हुए थे।" वीस फेऱ्या झाल्या की वरचा बोनस मिळतो, एकोणीसला नाही. त्याच्याही फोनवर भरत जाणारी पट्टी होती, त्याचेही गुण होते, तारे होते, वरच्या पायरीची आशा होती. त्याने मला स्क्रीन दाखवली. माझ्या झाडापेक्षा त्याची पट्टी जास्त देखणी होती. "दादा, पाँच स्टार दे देना," म्हणाला आणि विसाव्या फेरीकडे वळला. पाऊस जोराचा होता. मी तिथेच फाटकाशी उभं राहून पाच तारे दिले, आणि सोबत थोडे पैसेही, कारण त्याच्या खेळात झाड वाळलं तर घरभाडं थकतं.

त्याच महिन्यात वर्तमानपत्रांत जिलबीचा गोंधळ चालू होता. केंद्रीय आरोग्य खात्याने सरकारी कार्यालयांत तेल-साखरेच्या प्रमाणाचे फलक लावायला सांगितलं. बातमी फिरत फिरत अशी झाली की समोसा आणि जिलबीवर सिगरेटसारखा इशारा छापणार. नागपूरच्या एम्सचं नाव त्यात आलं. वहिनीने लगेच ग्रुपवर टाकलं, "आमच्या नागपूरने सुरुवात केली!" १५ जुलैला सरकारने खुलासा केला की असा कुठलाही इशारा समोसा, जिलबी किंवा लाडवावर लागणार नाही. जबलपूरने सुटकेचा श्वास सोडला. इथे खव्याची जिलबी मिळते, काळसर, जाड, पाकात बुडालेली. कमानिया गेटजवळ बडकुलांचं दुकान १८८९ पासून ती करतंय. कमानिया गेट त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीचं, म्हणजे १९३९ चं. जिलबी कमानीपेक्षा पन्नास वर्षांनी मोठी आहे. या गावात वडीलधाऱ्यांवर लाल टिकली लावायची कोणाची छाती नाही.

देशात लेबलांचा खेळ त्याआधीपासूनच रंगलेला आहे. २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटांवर अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत रेटिंग द्यायचा मसुदा काढला, त्यावर पुढची काही वर्षं चर्चाच चालली. २०२४ साली सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाच्या यादीतून काढा. आमच्या पिढीला ते वाचून धक्का बसला. आम्ही त्याच्या जोरावर उंच होणार होतो. मी पाच फूट चारच राहिलो, तेव्हा मला संशय यायला हवा होता.

खेळ म्हणायचा तर भाजीवाल्याचाच खरा. आमच्या ठेलेवाल्याला कक्का म्हणतात. तो कुणाचे गुण मोजत नाही. पण वर्षानुवर्षं त्याच्याकडून भाजी घेतली की पिशवीत शेवटी कोथिंबिरीची काडी आणि चार मिरच्या फुकट पडतात. ती पडली नाही तर समजायचं की मागच्या वेळी घासाघीस जरा जास्त झाली. याची किंमत ॲपवाल्यांनाही कळली. मे २०२४ मध्ये मुंबईच्या एका तरुणाने एक्सवर लिहिलं की ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे पैसे पडतात हे पाहून त्याच्या आईला जवळजवळ झटकाच आला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अलबिंदर धिंडसा यांनी मनावर घेतलं, आणि ठरावीक भाज्यांसोबत कोथिंबीर फुकट सुरू झाली. एका आईने हजार कोटींच्या धंद्याला मराठी बाजारभाव शिकवला. मी ही गोष्ट कक्काला सांगितली. तो म्हणाला, "बाबूजी, उनका धनिया मुफ्त है। हमारा तो बच्चों का हक है।" आणि वर मिरच्या टाकल्या, चाराऐवजी सहा.

कक्काचा आणखी एक फायदा असा की तो खोटं बोलतो तेव्हा कळतं. जानेवारीत जबलपूरचा मटार येतो. जिल्ह्याचं नाव 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत त्याच मटारावर आहे. कक्का सांगतो, "ये वाला आज ही टूटा है," आणि आम्ही दोघंही जाणतो की तो कालचा आहे. तरी आम्ही दहा-दहा किलोची गोणी घेतो, घरातले सगळे संध्याकाळी टीव्हीसमोर बसून सोलतात, आणि अर्धे दाणे फ्रीजरमध्ये, अर्धे सोलणाऱ्यांच्या तोंडात. बायको म्हणते की ते दाणे खाणं हा घरातला एकमेव व्यायाम आणि एकमेव भाजी आहे. ॲपच्या झाडाला त्याची दखल नाही, कारण ती गोणी ठेल्यावरून येते.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा रक्त तपासून घेतलं. चिरंजीवांनी पुण्याहून व्हिडिओ कॉल लावला होता, वहिनीही नागपूरहून जोडली गेली, आई खुर्चीत बसली. आकडा ७.७ होता. पाच महिन्यांत एका दशांशाने उतरला. ॲपवर आम्ही ३१,४०० गुणांनी वटवृक्ष होतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, इतकं हिरवं खाऊनसुद्धा?" बायको छताकडे पाहायला लागली. वहिनी म्हणाली, "आमच्या यांची तर ८.१ आहे." तेव्हा कळलं की नागपुरातही एक गोलबाजार असणार. त्या क्षणी वहिनीविषयी मला जी आपुलकी वाटली, ती तीस वर्षांत वाटली नव्हती.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. ॲपमुळे मी पहिल्यांदा बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचली. बारीक अक्षर, चष्मा आणि टॉर्च दोन्ही लागले. त्यात साखर तीन वेगवेगळ्या नावांनी लिहिलेली होती, जसा एकच आरोपी तीन गुन्ह्यांत तीन नावांनी सापडावा. हिशेबखात्यातल्या माणसाला ही चाल कळते. तेव्हापासून संध्याकाळच्या चहाबरोबर मी चार फुटाणे खातो. यावर मला गुण मिळत नाहीत, कारण फुटाणे कक्काच्या शेजारच्या भडभुंज्याकडून येतात.

ॲप अजून फोनमध्ये आहे. श्रावण संपेपर्यंत मी दर रविवारी रात्री फाटकाशी जाऊन मेथी घेत होतो, आणि सोमवारी पहाटे ती गायीला देत होतो, म्हणजे आईच्या नेमात ती कधी घरात आलीच नाही. मुंबईच्या वकिलालाही एवढी सफाई जमली नसती. आईला हे ठाऊक होतं का? मला संशय आहे, कारण पिठोरीच्या दिवशी ती सहज म्हणाली, "आज गायीला दोन जुड्या दे. तिचा श्रावण पाळला नाहीस, निदान पोळा तरी कर."

गेल्या आठवड्यात नवीन मुलगा पालक घेऊन आला. गाय नेहमीसारखी फाटकाशी होती. त्याने पिशवी माझ्याकडे धरली. गायीने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सावकाश वळून मिश्राजींच्या फाटकाकडे चालू लागली. मिश्राजींनी नुकतंच ॲप टाकलं आहे. त्यांच्याकडे ब्रोकोली येते.